पावती नंबर अडतीस

वाशी, ६ फेब्रु. ८३, रवि.
गावसमितीला ठाण्याच्या कचेरीचं पत्र. झेडपीच्या निवडणुकीत समितीनं हिरामण म्हात्रेला उभं केलं होतं, म्हणून नव्या नियमात आम्हीही आलो. सगळ्या देणगीदारांची नावं, पत्ते, नोकरी-धंदा. यादी कचेरीच्या फळ्यावर लागणार, कुणीही वाचावी. खजिनदार मी, तेव्हा काम माझं.

आमचे हे म्हणाले, "तुझीच मागणी होती ना?" होती. उमेदवारामागे कुणाचा पैसा आहे हे मतदाराला कळलंच पाहिजे, असं पत्र गेल्या वर्षी पेपरात छापून आलं माझं. तेव्हा डोळ्यांपुढे पुढाऱ्यांना पैसा पुरवणारा तो खडीवाला ठेकेदार होता. नववीच्या वर्गात वाचूनही दाखवलं.

९ फेब्रु., बुध.
शाळा सुटल्यावर गावात. यादीचं ऐकून कुणी घाबरलं नाही. इथे देवळाची देणगीसुद्धा पूजेला लाउडस्पीकरवरून पुकारतात, नाव राहिलं तर भांडण. हिरामणची आई म्हणाली, "माजा नाव वरती लिव गो बाय. अकरा रुपये दिलंय मी." शेत गेलं, मिठागर गेलं. यांच्याकडून आणखी काय नेणार?
भीती आहे ती आम्हा फ्लॅटवाल्यांत.

१० फेब्रु., गुरु.
पावतीपुस्तक काढलं. नं. ३८. फाडून दिलेल्या पावतीवर 'गुप्तदान', एकावन्न रु. पण पुस्तकात राहिलेल्या प्रतीवर माझ्याच अक्षरात, शाईनं: श्री. सावंत, बी-१०.

सावंत समोरच्या बिल्डिंगमधले. जमिनी घेणाऱ्या महामंडळातच ड्राफ्ट्समन. पैसे देताना म्हणाले होते, "हिरामणचं खळं ज्या रस्त्याखाली गेलं, ती रेघ मीच ओढलीय नकाशावर. नाव मात्र नको." बरं म्हटलं आणि घरी येऊन लिहिलं. हिशेब चोख हवा म्हणून. की कुणी दिलं हे आपल्यापाशी असावं म्हणून?

१३ फेब्रु., रवि.
हिरामणला सांगितलं. नाव नाही, फक्त अडचण. म्हणे पुस्तक उंदरांनी खाल्लं म्हना. म्हटलं, मला नाही जमणार. "बाई, खोटं बोलता येत नाय तर खजिनदार कशाला झालात?" समितीतले सगळे हसले. मीही.

१५ फेब्रु., मंगळ.
सावंतांना बसस्टॉपवर गाठून सांगितलं. बराच वेळ चपलेचा अंगठा नीट करत राहिले. घर महामंडळाचं, मुलगी बारावीला. एवढंच विचारलं, "फळ्यावर लागणार?"
"हो."

१८ फेब्रु., शुक्र.
ठेकेदाराचं नाव उघडं व्हावं, सावंतांचं झाकलेलं राहावं. मीच नियम लिहायला बसले तर कसा लिहीन? दुबळ्याला सूट? मग दुबळा कोण हे ठरवणार कोण, ती कचेरीच ना?
यादी पोस्टात टाकली. ३८ पुढे नुसतं 'गुप्तदान'.

२० फेब्रु., रवि.
सभा. आमच्या सोसायटीतले तिघेच. पाणी, बस, जमीन, सगळ्यावर तावातावानं बोलणारे देसाई शेवटच्या रांगेत, "आज घसा बसलाय." सावंत आले नाहीत. डबा फिरवला. पावती कुणी मागितली नाही, मीही फाडली नाही. असं पहिल्यांदाच.

२४ फेब्रु., गुरु.
कचेरीचं पत्र. ३८ अपूर्ण. सोमवारी अकराला पावतीपुस्तकासह हजर व्हावे, अन्यथा नोंदणी रद्द. नोंदणी गेली की जमिनीच्या भावाचा कोर्टातला दावाही गेला, तो समितीच्या नावावर आहे. साऱ्या गावाचा.

२६ फेब्रु., शनि.
सावंतवहिनी आल्या. चहा घेतला नाही. "हे म्हणतात, लिहू दे त्यांना, खरं तेच आहे. मी म्हणते, लिहू नका. पैसे यांनी दिले, पण घर आमचं तिघांचं जाईल. तुम्ही कुणाचं ऐकणार?"
मी गाव, दावा, नोंदणी असलं काहीतरी बोलत राहिले. त्यांनी ऐकून घेतलं. दाराशी थांबल्या.
"नाव नको म्हटल्यावर लिहिलंत कशाला?"

२७ फेब्रु., रवि.
दिवसभर कुठे गेले नाही. ते पान दोनदा धरून पाहिलं. फाडलं तर ३७ नंतर ३९. कुणालाही दिसेल. मलाही.

२८ फेब्रु., सोम. सकाळी
पुस्तक पिशवीत. पान जागेवर आहे. सावंत आत्ताच कामाला गेले, वर पाहिलं नाही.

हिरामण खालून हाक मारतोय, ठाण्याची एस.टी. चुकेल. निघताना ही वही नेहमीच्या जागी ठेवायला गेले आणि आता लक्षात येतंय, हिच्यातही त्यांचं नाव पानोपानी आहे, बी-१० सकट. कुणी विचारलं नव्हतं तरी.
ही कुठे ठेवू?