अमाच्या नावावरचं वाक्य

कॅम्प नंबर सहा, मुंडगोड
अग्नि-बैल वर्ष, दुसऱ्या महिन्याची दशमी
म्हणजे १८ मार्च १९९७

प्रिय अचो पल्जोर,

ताशी देलेक. नवं वर्ष लागून महिना उलटला, पण शुभेच्छा शिळ्या होत नाहीत असं धरून चालू. 'अचो' लिहिताना हात अडखळला. अकरा वर्षांत थोरल्या भावाला हाक मारायची सवय मोडली आहे. तुझं काठमांडूतलं गालिच्यांचं काम नीट चाललं असेल, वहिनी आणि मुलं खुशाल असतील.

इकडे यंदा मका बरा आला. रानडुकरांनी खालची पट्टी उकरून टाकली, वरची वाचली. माझ्या वर्गात एकोणीस पोरं आहेत. मधल्या सुट्टीत आपसांत कानडीत भांडतात आणि मी दिसले की एकदम शुद्ध तिबेटीवर येतात, जशी काही मी फौजदारच. स्वयंपाकघराचे पत्रे गळत होते, ते दिवाळीच्या सुमारास बदलून घेतले.

अमाबद्दल लिहायला बसले आणि मका, पोरं, पत्रे करते आहे. तू म्हणायचास, खरं बोलायच्या आधी नोरझोम अंगण झाडून घेते. झालं झाडून.

अमा गेली. नव्या वर्षाच्या, लोसारच्या तिसऱ्या दिवशी, सकाळी, चहाचा पेला हातात असताना. त्रास झाला नाही. आज सदतिसावा दिवस आहे.

तुला तार करायला मी पोस्टात गेले होते. कागदावर लिहूनही काढलं. पण 'आई वारली' एवढं लिहिलं तर तू येशील, आल्यावर विचारशील की शेवटी काय म्हणाली, आणि ते मला तुझ्या तोंडावर सांगावं लागेल. मी कागद चुरगळला आणि घरी आले. माझ्या भ्याडपणापायी तुला आईचं शेवटचं दर्शन झालं नाही. शिव्या घालायच्या असतील तर घाल, मी ऐकून घेईन. पण पत्र पुरतं वाच.

गेल्या हिवाळ्यात आपल्या लढ्याबद्दल घराघरांतून मतं गोळा केली. पूर्ण स्वातंत्र्य, की चीनमध्येच राहून आपला कारभार आपल्याकडे, की कुंदुन दलाई लामा ठरवतील ते. ज्याला आणखी काही म्हणायचं असेल त्याच्यासाठी खाली चार ओळी मोकळ्या. आपल्या कॅम्पाची पेटी माझ्याकडे होती. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचं मी लिहायचं, वाचून दाखवायचं आणि अंगठा घ्यायचा. तीस-एक म्हातारी माणसं असतील. बहुतेकांचं एकच, "कुंदुन म्हणतील ते. चहा घे." पोपो ग्युर्मे तर म्हणाला, "मला कशाला विचारतेस? माझं मत विचारलं असतं तर माझं लग्न तरी झालं असतं का?"

आपलं घर मी शेवटी ठेवलं होतं. अमा ओसरीवर जपचक्र फिरवत बसली होती. मी तिन्ही गोष्टी समजावून सांगितल्या. तिनं शाळेतल्या पोरीसारखं नीट ऐकलं. मग म्हणाली, "लिही. मला एकदा माझ्या शेतात जाऊन यायचंय."

"अमा, ते यात नाही."

"खाली चार ओळी आहेत म्हणालीस ना?"

"त्या लढ्याबद्दल आहेत."

"मग हे कशाबद्दल आहे?" तिनं चक्र थांबवलं. "लिही. कुंदुन आधी परत जावेत, मग आम्ही, हेच बरोबर आहे. पण तोवर मी काही टिकत नाही. तेव्हा राज्य कुणाचंही असो, मला माझ्या शेतात, 'घोड्याच्या पाठी'वर, एकदा बसू दे. तिथं सातू पेरलाय का बघते आणि परत येते. आणि पल्जोरला सांग, तो कागद पुन्हा आण."

तो कागद.

अचो, तू काठमांडूहून चिनी वकिलातीचा तो अर्ज घेऊन आलास तो दिवस मला रोज आठवतो. त्यात एक रकाना होता, की अर्जदार परदेशस्थ चिनी आहे. तू म्हणालास, "नुसता शब्द आहे गं. सही केली म्हणून अमा काय चिनी होणार आहे? गावी दिंग्रीला महिनाभर राहील, शेत बघेल आणि येईल." मी चौकात, सगळ्यांसमोर त्याचे चार तुकडे केले. तुला चिन्यांचा पाळलेला म्हणाले. लोकांना तेवढंच हवं होतं. दुसऱ्या दिवसापासून तुला दुकानात कुणी मीठ देईना. तू गेलास तेव्हा अमा फाटकापर्यंत आली आणि मी घरात वह्या तपासत बसले. तेव्हा मला वाटलं, मी देश वाचवला.

तू तिथं जन्मलास. अमानं तुला पाठीवर बांधून खिंड ओलांडली. माझा जन्म कुलूच्या रस्त्याच्या कामावर झाला, खडीच्या ढिगाशेजारी. बाबा त्याच रस्त्यावर दरड कोसळून गेले. मी तो देश कधी पाहिलेला नाही. तुम्हा दोघांना तिथलं शेत आठवतं, मला घोषणा आठवतात. म्हणून मला एक शब्दही इकडचा तिकडे झालेला चालत नव्हता. ही सबब नाही, पण दुसरं काही सापडत नाही.

मी अमाचं वाक्य लिहिलं नाही. मी लिहिलं, 'कुंदुन म्हणतील ते मान्य. परंतु स्वातंत्र्य मिळाल्यावाचून मी मायभूमीत पाऊल ठेवणार नाही.' अक्षर सुरेख काढलं. तिला म्हणाले, लिहिलं गं. तिनं वाचून दाखव म्हटलं नाही, कारण लिहिणारी तिची मुलगी होती. शाईत अंगठा बुडवला, उमटवला आणि कंबरेच्या फडक्याला पुसला.

मतं पुढे पाठवण्याआधी गेन वांगदूनं, म्हणजे आपल्या कॅम्पाच्या मुखियानं, प्रार्थनागृहात सगळ्यांना बोलावलं. म्हाताऱ्यांची काही मतं तो वाचून दाखवणार होता. अमानं सकाळीच नवी चुपा अंगात घातली, केसांना तेल लावलं, पुढच्या ओळीत जाऊन बसली. मी म्हटलं, "थंडी आहे, नको येऊस." ती म्हणाली, "माझं वाक्य आहे ना त्यात?"

गेन वांगदू वाचत गेला आणि शेवटी आवाज चढवून म्हणाला, "आता ऐका, पंचाहत्तर वर्षांची बाई काय म्हणते ते." आणि माझं वाक्य वाचलं. "अमा ल्हाझोम!" सगळं प्रार्थनागृह टाळ्यांनी दणाणलं. बायका रडल्या.

अमा मान वळवून मागे बघायला लागली. शेजारी बसलेल्या माझ्या गुडघ्याला हात लावून तिनं विचारलं, "कॅम्पात आणखी एक ल्हाझोम आहे का गं?"

मी म्हटलं, "नाही."

तिनं पुन्हा समोर पाहिलं. मग म्हणाली, "आमच्या गावात टाळ्या वाजवायच्या त्या भूत हाकलायला. आज कुणाला हाकललं?"

घरी आल्यावर ती त्याबद्दल अवाक्षर बोलली नाही. रागावली असती, दोन फटके दिले असते, तर मी सुटले असते. लोक येऊन तिच्या पाया पडत, "अमा, काय बोललीस!" म्हणत, आणि ती त्यांना चहा देई. एकदाच, भांडी घासताना, मला म्हणाली, "ती दुसरी ल्हाझोम फार शूर आहे. तिला माझ्यासारखी आठवण येत नसेल." त्यानंतर वीस दिवसांनी ती गेली.

रक्षा आली त्या दिवशी मी गेन वांगदूकडे गेले आणि सगळं सांगितलं. म्हटलं, ते वाक्य खोडा. तो वाईट माणूस नाही. बराच वेळ टोपी हातात फिरवत राहिला. म्हणाला, "गेलेल्या बाईचं मत बदलून आता काय होणार? पोरं ते वाक्य पाठ करताहेत. राहू दे, नोरझोम."

पोरं खरंच पाठ करत होती. माझ्याच वर्गात एका मुलीनं फळ्यावर लिहून ठेवलं होतं, खाली 'अमा ल्हाझोम' असं नाव. मी पुसायला गेले आणि डस्टर हातात घेऊन उभी राहिले. मी शिकवते म्हणून त्यांना ती लिपी येते, आणि मी त्याच लिपीत खोटं लिहिलं होतं.

म्हणून दहा मार्चला, उठावाच्या स्मरणाची मिरवणूक परत आल्यावर, सगळे जमले होते तिथं मी उभी राहिले. अमा काय म्हणाली होती ते जसंच्या तसं सांगितलं. घोड्याची पाठ, सातू, तुझा कागद, सगळं. अकरा वर्षांपूर्वी चौकात तुला काय म्हणाले तेही सांगितलं आणि ते परत घेते म्हटलं. कुणी टाळी वाजवली नाही. मागून एक जण म्हणाला, "आईच्या जिवावर मोठी झाली, आता आईला लहान करतेय." पेटी माझ्याकडून काढून घेतली. दोन आयांनी आपल्या मुली संध्याकाळच्या वर्गाला पाठवायचं बंद केलंय.

दुसऱ्या दिवशी नळावर पोपो ग्युर्मे भेटला. आधी बादली भरून घेतली. मग म्हणाला, "मलाही तेच सांगायचं होतं. पण तू लिहिलं असतंस का?"

मी नळ बंद केला. त्याची बादली घेऊन त्याच्या दारापर्यंत गेले.

एक सांगते, तुझा गैरसमज नको. माझं स्वतःचं मत बदललेलं नाही. मी स्वातंत्र्यच लिहिलं होतं आणि उद्या विचारलं तरी तेच लिहीन. फक्त ते कशासाठी हवंय हे मला कुणी विचारलं तर आता मी घोषणा देणार नाही. दिंग्रीजवळ ओढ्याच्या काठी घोड्याच्या पाठीसारखं मधे खचलेलं एक शेत आहे, ते सांगेन.

आता मुद्द्याचं. अमाच्या रक्षेत माती मळून मी साच्यातून सत्तावीस त्सात्सा, बोटभर उंचीच्या पूजेच्या प्रतिमा, पाडल्या. सव्वीस इथल्या स्तूपात ठेवल्या. सत्ताविसावी खतकात, पांढऱ्या उपरण्यात गुंडाळून आपल्या कॅम्पातल्या ल्हाक्यापच्या हाती पाठवते आहे. लोकर घ्यायला तो तिकडे येतोच. सांभाळून उघड. मातीची आहे, कोपरा लगेच उडतो.

तो अर्ज आण, अचो. रकान्यात जे लिहायला लावतील ते लिही. तू तिथं गेलास म्हणून इथं कुणी काही म्हणालं तर मी चौकात उभी आहे. तिला घोड्याच्या पाठीवर, बांधाच्या आतल्या बाजूला, पाऊस लागणार नाही अशी ठेव. सातू पेरलाय का तेवढं बघ आणि मला कळव. एकोणपन्नासावा, तिच्या शेवटच्या विधीचा दिवस तीस तारखेला आहे. तोवर जमणार नाही हे मला कळतं. पण तू निघणार आहेस एवढं जरी त्या दिवशी दिव्यासमोर सांगता आलं तरी मला पुष्कळ आहे.

तू तेव्हा म्हणाला होतास की अर्जासोबत घरच्या माणसाचं संमतिपत्र लागतं. काय लिहायचं असतं ते मला ठाऊक नाही. म्हणून सोबत एक कोरा कागद ठेवला आहे. खाली माझी सही आहे. वर काय लिहायचं ते तू लिही, मला वाचून दाखवायची गरज नाही.

तुझी धाकटी बहीण,
नोरझोम