कावळा शिवला न्हाई

माय, तू बाहेर बसायचीस ते दिवस सकाळपासून आठवून राहिलेत. ओसरीच्या कोपऱ्यात पोतं टाकून तू बसलेली, अन् मी जवळ आलो की म्हणायचीस, "लांब हो, मला कावळा शिवलाय." मला ते खरंच वाटायचं. एकदा गलोल घेऊन लिंबावरच्या कावळ्यांवर खडे मारत सुटलो, तर शेजारच्या काकूची घागर फुटली. तू पदर तोंडाला लावून हसत राहिलीस. "आरं येड्या, मारू नगं त्याला. त्यो येळंवर येतो म्हणून बरं हाय. न्हाई आला की बाईच्या पोटात गोळा उठतोय." गोळा कशाचा, ते मी विचारलं न्हाई. मग तू गेलीस, अन् विचारायला कुणी उरलंच न्हाई.

आपल्या घरात कावळा. तिच्या घरात 'अडचण' म्हणतात, हे मला परवा कळलं. ती म्हणजे जिच्यापायी मी कॉलेज सोडलं. तिला एकजण वाकडं बोलला, मी भर वर्गात बाक उचलला. सर म्हणाले माफी माग. मी दप्तर उचललं ते आजवर परत गेलो न्हाई. आता मी लातूरला मोबाइलच्या दुकानात, ती नांदेडला शेवटच्या वर्षाला. परवा तिचा मेसेज आला, 'अजून अडचण आली नाही.' मी लिहिलं, 'बरं झालं, देव पावला.' लगेच फोन. "बरं झालं? तुला मराठी कळती का रे? पाळी चुकलीय माझी!"

माय, गेल्या महिन्यात ती भेटायला येणार होती तवा मी मेडिकलवर गेलो होतो गं, कंडोम मागायला. गल्ल्यावर आपल्या गावचा, मुरुडचा माणूस निघाला. "काय रे, शहरात करमतंय का? काय देऊ?" मागं दोन बाया उभ्या. कुणाच्या बापाला न भिणारा मी, कपाळ चोळाय लागलो. "डोकं दुखून राहिलं," म्हणालो, अन् डोकेदुखीच्या गोळ्या घेऊन आलो. तिला म्हटलं, एकदानं काय होत न्हाई. तिनं भरोसा ठेवला.

काल मी फोनवर म्हणालो, "लग्न करू. आजच. कोण आडवं येतंय बघतो." "झालं तुझं?" ती म्हणाली. "तपासायचं किट घेऊन ये. डोकेदुखीची गोळी आणू नको." हसली का रडली, कळलं न्हाई. "काय निघालं तर डॉक्टरीणबाईशी मी बोलणार. काय करायचं ते मी ठरवणार. तू संगं बसायचं, गप."

आज त्याच मेडिकलवर गेलो. नाव घेऊन किट मागितलं. त्यानं चष्म्यावरून बघितलं, कागदात गुंडाळून दिलं. आता ते खिशात आहे, घामानं कागद ओला होऊन राहिलाय. नांदेडच्या गाडीची वाट बघत स्टँडवर बसून हे लिहितोय. पत्र टाकायला पत्ता न्हाई, ते तुलाही माहीत, मलाही.

समोर कठड्यावर एक कावळा येऊन बसला. मी त्याच्यापुढं बिस्किट ठेवलं अन् हळूच म्हणालो, "जा बाबा, नांदेडला जा." दरसाल म्हाळाला तुझ्या नावानं घास ठेवतो मी. आजचा, माय, तुझ्या नावाचा नव्हता.