डोंगरावरची हजेरी

तीर्थरूप बाबा,
तुमच्या उडाणटप्पू लेकीचा नमस्कार.

मी सुखरूप आहे, हे आधी वाचा. परवा खिंड उतरताना पाय मुरगळला, धुक्यात वाटही दिसेना, म्हणून कातळाच्या आडोशाला बसून राहिले. तिन्हीसांजेला खालच्या मुक्कामाच्या बाई कंदील घेऊन शोधत आल्या. "वरून निघालेल्यांची यादी फोनवर येते. सगळे पोचले, तुम्हीच राहिलात," म्हणाल्या.

शाळेतून निवृत्त झालात तरी तुम्ही जेवताना आमची हजेरी घ्यायचात आणि मी तोंड वाकडं करायचे. मुक्कामी बाईंनी माझं नाव पुकारलं, तेव्हा अशी "हजर" म्हणून ओरडले, की सगळी खोली वळून बघायला लागली.

सूज उतरतेय. आईचा गुडघा कसा आहे? जेवायला बसताना माझं नाव अजून घेता ना? घेत असाल, तर आईला माझ्या वतीनं "हजर" म्हणू द्या.

तुमची धाकटी