बाबांच्या लांब रंध्याचा तळ

३ फेब्रुवारी, सोमवार

वहिनी दारात उभ्या. नऊ वर्षांनी! हातात जुन्या टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी लांबट. हातात घेतलं आणि वजनावरूनच ओळखलं — बाबांचा लांब रंधा. बिडाचा, बावीस इंची. लहानपणी आम्हा दोघा भावांना घरातल्या कशालाही हात लावायची मुभा होती, याला नाही.

वहिनींनी चहा व्हायच्या आत सगळं सांगून टाकलं. पंधरा तारखेला सुतारकामाच्या शाळेत बाबांच्या आठवणीचा कार्यक्रम आहे. दादानं शे-दीडशे लोकांपुढे याच रंध्यानं सहा फुटी फळीची कड सरळ करून दाखवायची. बाबा गेल्यापासून रंधा आमच्या सुतारी कारखान्याच्या भिंतीवर टांगलेला. वरून पाणी गळलं, गंज चढला. दादाला म्हणे आठ दिवस झोप नाही.

त्यानंच पाठवलंय का, विचारलं. वहिनी टॉवेलाची घडी घालत राहिल्या. मग म्हणाल्या, “तुमच्याइतकं यातलं कुणाला कळत नाही, असं म्हणाले.”

हे दादा म्हणाला? मला पटत नाही. पण रंधा ठेवून घेतला.

४ फेब्रुवारी, मंगळवार

रंधा बाकावर. हात लावला नाही. दिवसभर दुसऱ्याच एका गिऱ्हाइकाच्या छोट्या रंध्याची मूठ घासत बसलो. ही दोनदा डोकावून गेली. तिसऱ्यांदा म्हणाली, “चावतोय का तो?”

६ फेब्रुवारी, गुरुवार

खोलला एकदाचा. पातं, पात्यावरची टोपी, बैठक, दोन्ही मुठी — सगळं सुटं करून तेलात टाकलं. एक स्क्रू अर्धा तास हलेना. हलला तेव्हा मीच दचकलो.

या रंध्यानं माझं काय केलं ते कुठेच लिहिलेलं नाही. आज लिहितो. मी बावीसचा होतो. वर्षभर बाबा मला याच्यावर उभं करत होते. कड काही केल्या सरळ येत नसे. दोन फळ्या कडेला कड लावून ठेवल्या की मधून उजेड दिसायचा. दादाच्या फळ्यांतून दिसायचा नाही. शेवटी बाबांनी माझी फळी गिऱ्हाइकासमोर उजेडाला धरली आणि म्हणाले, “याला सरळ म्हणजे काय तेच दिसत नाही.” दुसऱ्या दिवसापासून कारखाना दादाचा. मी यंत्रांच्या कंपनीत, टूलरूमला. एकतीस वर्षं मापंच घेतली. आता निवृत्त होऊन लोकांचे जुने रंधे नीट करतो — कुणाला काय सिद्ध करून दाखवतोय, देव जाणे.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

अक्षर वाकडं येतंय.

आतला काळा रंग निघत होता. पातं बाहेर येतं त्या तोंडाशी, डाव्या अंगाला, रंगाखाली पिवळी रेघ दिसली. वाटलं डाग असेल. घासला. रेघ कडेपासून थेट तोंडापर्यंत. पितळेचा सांधा! रंधा पडून फुटलाय, कुणीतरी पितळेनं झाळलाय आणि वरून कुणाला कळू नये म्हणून रंग फासलाय.

बिडाला एवढी आच दिली की ते वाकतं. तळाला सरळपट्टी लावली. तोंडाच्या मागे पोस्टकार्ड सरकेल एवढी पोकळी, वर पीळ वेगळाच. अशा रंध्यानं ब्रह्मदेवाच्या बापालाही सहा फूट कड सरळ करता यायची नाही.

म्हणजे माझे हात ठीक होते. डोळे ठीक होते.

आणि मग आठवलं. त्या वर्षाच्या सुरुवातीला आठवडाभर रंधा खुंटीवर नव्हता. कुठे गेला विचारलं तर दादा म्हणाला होता, मूठ बसवायला दिलाय. मूठ! त्यानं पाडला, गुपचूप झाळून आणला, आणि वर्षभर माझी फजिती बघत शेजारी उभा राहिला. एका शब्दानं बोलला नाही.

जेवलो नाही. हिला सांगितलं नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

ठरवलं. तळ सरळ करायचा नाही. फक्त चकचकीत करायचा. कापडाच्या चाकावर धरला की आरशासारखा दिसतो, पोकळी आहे तिथेच राहते. पातं मात्र केस कापेल असं लावायचं. वीतभर तुकड्यावर चालवून बघितला तर सुरेख छिलका निघेल. सहा फुटी फळीवर काय होतं, ते दीडशे लोक बघतील. त्या कडेतूनही उजेड दिसू दे एकदा.

लिहून झाल्यावर वाचलं. खोडणार नाही.

११ फेब्रुवारी, मंगळवार

वहिनी घेऊन गेल्या. तळात तोंड दिसतं म्हणून हसल्या. जाताना म्हणाल्या, आज तरी झोपतील. मी मान हलवली.

ही नंतर एवढंच म्हणाली की गेले चार दिवस माझं तोंड बघवत नाही. मी खेकसलो तिच्यावर. उगाच.

१२ फेब्रुवारी, बुधवार

पट्टी, काच, पॉलिशपेपर सगळं जागच्या जागी लावलं. पुन्हा काढलं. पुन्हा लावलं.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

मला पुरावा हवा होता. त्या काळी आमच्या भागात बीड झाळणारा एकच माणूस — ठिणगीकाका. आता चौऱ्याऐंशीचे, लेकीकडे राहतात. सकाळी गेलो. एका डोळ्यानं दिसत नाही, पण डोकं लख्ख. लांब रंध्याचं विचारलं तर लगेच म्हणाले, हो, मीच झाळला. मी म्हटलं, दादा घेऊन आला होता ना?

म्हणाले, “दादा कुठला? तुझा बाप आला होता. पोत्यात घालून.”

मग त्यांनी सावकाश सगळं सांगितलं. बाबांचा उजवा हात तेव्हापासूनच थरथरायला लागला होता. त्यांच्याच हातून रंधा फरशीवर निसटला. पोरांना कळता कामा नये, एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होते. कापरा हात कळला तर गिऱ्हाईक जाईल, कारखाना बसेल, अशी धास्ती. काकांनी बजावलं होतं, आच दिली की हा वाकणार, आधीसारखा चालणार नाही.

“मग काय म्हणाले?”

“म्हणाला, वाकू दे. रंग तेवढा नीट लाव.”

मूठ बसवायला दिलाय हे बाबांनीच दादाला सांगितलं असणार. त्यानं मला तेच सांगितलं, बस्स.

घरी कसा आलो आठवत नाही. हिला सगळं सांगितलं, तळ नुसता आरशासारखा करून दिल्याचंसुद्धा. रागावेल वाटलं होतं. ती उठली आणि माझ्या हत्यारांची पिशवी आणून पुढ्यात ठेवली. उद्या सकाळी आठच्या आत जा म्हणाली.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

गेलो. कारखान्याच्या दारात दादा. केस पार पांढरे. फळी बाकात आवळलेली, शेजारी रंधा. घाम पुसत होता. कडेकडे एक नजर टाकली आणि कळलं — त्यानं लांब फळीवर चालवून बघितलाय.

नमस्कार वगैरे काही केलं नाही. म्हटलं, “तळ वाकडा आहे. मला माहीत होतं. माहीत असून चकचकीत करून दिला.”

मारेल वाटलं. मारलं असतं तर बरं झालं असतं. त्यानं विचारलं, “उद्यापर्यंत होईल?”

जाड काच अंथरली, पॉलिशपेपर चिकटवला. तळावर निळ्या पेनानं आडव्या रेघा ओढल्या. जिथला तळ उंच तिथल्या रेघा पुसतात, खोलगटातल्या राहतात. रेघा ओढायच्या, घासायचं, बघायचं, पुन्हा ओढायच्या. दमलो की दादा धरायचा, तो दमला की मी. तो जोर एका बाजूला देत होता. हात धरून दाखवावं लागलं. मोठ्या भावाचा हात! वहिनी दोनदा चहा ठेवून गेल्या. कुणी प्यायलं नाही.

दुपारी जेवताना ठिणगीकाकांचं सगळं सांगितलं. दादानं घास खाली ठेवला. हात धुतले आणि पुन्हा घासायला लागला.

साडेपाचला शेवटच्या निळ्या रेघा गेल्या. पट्टीखालून सिगारेटचा कागदही सरकेना. मी म्हटलं, चालवून बघ. तो म्हणाला, उद्याच.

१५ फेब्रुवारी, शनिवार

सहा फूट अखंड छिलका. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दादा छिलका हातात धरून उभाच. घाबरलाय की काय म्हणून मी पुढे गेलो, तर माझ्या कानाशी आला.

“माझ्या हातूनही तेव्हा कधीच सरळ गेला नाही रे. एकदासुद्धा नाही. दुपारी बाबा झोपले की फळी शेजारच्या कारखान्यात मशीनवर सरळ करून आणायचो.”