शनवारची भगर

सर, आज शनवार आहे. तुम्ही आज लेखणीला हात लावला नसता, अंधार पडेपर्यंत थांबला असता. मी दुपारीच लिहायला बसलोय. जळगावात जिनिंगमध्ये कापूस तोलायचं काम करतो. आज गाड्या आल्या नाहीत, कापसाचे तंतू उडून उडून डोळे चुरचुरतायत, आणि कुणाशी भांडायचंही त्राण उरलेलं नाही. एरवी भांडतो. स्वभाव गेला नाही.

पुण्याच्या कॉलेजात तुमचा पहिला शनवारचा तास मला अजून दिसतो. तुम्ही आत येता, कोट खुर्चीवर टाकता आणि खडूची पेटी नुसती बाजूला सरकवता. विलायतेहून शिकून आलेला माणूस, तिकडची मासिकं ज्याचं गणित छापतात, तो फळ्याकडे पाठ करून नुसता बोलतो. तुमच्या वाडवडिलांचे अलिबागकडे तेलाचे घाणे, शनवारी ते बंद, म्हणून लोक तुम्हा यहुद्यांना शनवार तेली म्हणत. मागच्या बाकावरून कुणीतरी तेच काढलं. "सर, आज घाणा बंद का?" तुम्ही जराही न चिडता म्हणालात, "घाणा बंदच आहे. बैल मात्र वेळेवर आलेत." वर्ग हसून हसून लोळला. मग तुम्ही म्हणालात, "जी सिद्धता तोंडानं सांगता येत नाही, ती समजलेली नसते. सहा दिवस लिहा. आज डोळे मिटा आणि एकेक पायरी चढा." मला पायऱ्यांचाच कंटाळा. माझी वही तुम्ही परत दिलीत तेव्हा उत्तराखाली लाल शाईनं लिहिलं होतं, 'उत्तर बरोबर. पण उडी मारलीस. एक दिवस पाय मोडेल.'

पाय मोडला तो गणितात नाही. जळगावच्या एका वकिलांची मुलगी होती, आमच्या नात्यातल्या लग्नात भेटलेली, आणि मी तिच्यापायी अर्धा वेडा झालो होतो. तिचं लग्न ठरल्याचं कळलं त्या दिवशी तुम्ही वर्गात विचारलंत, "लक्ष कुठंय?" मी उभा राहून म्हणालो, "तुमच्या गणितात नाही!" आणि चालता झालो. खोलीवरची वळकटी उचलली, थेट शिंदखेड्याला घरी. तिथं तोंड लपवून पडलो. आबा बोलेनात, आई नुसती जेवायला हाका मारी.

आणि एका शुक्रवारी दिवेलागणीच्या सुमारास तुम्ही दारात उभे. धुळीनं भरलेले, हातात छोटी पेटी. तुम्ही म्हणालात, "आता सूर्य बुडाला. उद्याचा दिवस मी प्रवास करत नाही. ठेवून घेणार का?" आबांनी पाय धुवायला पाणी दिलं. आईनं मला चुलीपाशी ओढून विचारलं, हे कोण, यांचा धरम कोणता. मी सांगितलं, हे शनवार पाळतात. आई म्हणाली, "शनवार पाळतस ना, मंग त्यासले भाकर कशी देऊ? भगर करस." आमच्याकडे वार पाळायचा म्हणजे उपासच. मीही मान हलवली. मला तरी कुठं ठाऊक होतं? शनवारी सकाळी भगर आणि दाण्याची आमटी, दुपारी भगर, संध्याकाळी पुन्हा तीच. तुम्ही ताट साफ केलंत, आईकडे बघून "छान झालीय" म्हणालात. सगळी भगर संपली म्हणून आई दिवसभर खुशीत. "बठ्ठी भगर खाई टाकी मास्तरनी. देवमानूस शे."

दुपारी आपण बुराई नदीच्या कोरड्या वाळूतून चाललो. त्या मुलीचं नावसुद्धा तुम्ही काढलं नाहीत. म्हणालात, "धर, मूळ संख्या कुठंतरी संपतात. धरलंस? आता होत्या तेवढ्या सगळ्यांचा गुणाकार कर, त्यात एक मिळव. जी संख्या आली, तिला त्यांतल्या एकीनंही भाग जात नाही. म्हणजे आणखी एखादी आहेच, तू धरली नव्हतीस ती." मी चिडून म्हणालो, "सर, माझं सगळं संपलंय, आणि तुम्ही मला आकडे सांगताय!" तुम्ही थांबलात. "मग तसंच धर, की संपलं. पण तिथून पुढं चालून बघ ना, गड्या. धरल्या जागी बसून का राहतोस?" आणि पुढं म्हणालात, "शनवार कशासाठी माहीत आहे? एक दिवस जगाला हात लावायचा नाही. जसं आहे तसं राहू द्यायचं. तुला एवढं जमलं तर बाकीचं गणित मी शिकवतो."

रविवारी मी तुमच्याबरोबर निघालो. वळकटी बांधली होती, सर, खरंच परत येणार होतो. गाडीत तुम्ही हसत म्हणालात, "आईला सांगू नकोस हं. शनवारी आम्ही भरपेट जेवतो. उपास करायचा नसतो." मी इतका हसलो की समोरचे म्हातारबाबा जागे झाले. किती दिवसांनी हसलो होतो! जळगावला गाडी बदलायची होती. पुण्याकडची गाडी यायला अवकाश होता, आणि मी म्हणालो, एकदा तिचं घर लांबून बघून येतो. तुम्ही बाकावर पेटी मांडीवर घेऊन बसलात. "ये बघून. हात लावू नकोस. मी आहे इथं."

मी हात लावला. दारात मांडव पाहिला आणि डोकं फिरलं. तिच्या वडिलांना नको ते बोललो, गल्ली गोळा झाली. ती माडीच्या खिडकीत आली. माझ्याकडे पाहून तिनं खिडकी लावून घेतली, आणि त्यानंतर मला तुमच्यासमोर यायला तोंड उरलं नाही. पुढं कॉलेजातल्या मित्रानं कळवलं, सोमवारी सरांचा पहिला तास झाला नाही, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. म्हणजे माझी वाट पाहत तुम्ही ती गाडी सोडलीत. बहुधा पुढचीही.

मग तुम्ही वारल्याचंच कळलं. आईला मी भगरीचं कधी सांगितलं नाही. शेवटपर्यंत ती आल्यागेल्याला तुमचा उपास सांगत राहिली, आणि ती गेल्यावर तो मी धरला. खानावळीचे काका विचारतात, "काय भाऊ, मारुतीचा का?" मी हो म्हणतो. चुकीचा उपास आहे, मला ठाऊक आहे.

बुराईतली ती सिद्धता मला तोंडपाठ आहे, सगळ्या पायऱ्यांसकट. हे पत्र कुठं टाकणार? राहील इथंच, तराजूखाली. फक्त एक सांगायचं राहिलं. अंधार पडेपर्यंत थांबून मगच लिहायचं, असं सकाळी ठरवलं होतं. बाहेर अजून लख्ख ऊन आहे, सर. माझ्यानं थांबवलं नाही.