मधल्या मंडळींचा पीळ

तिसगाव, रविवार

तीर्थरूप मच्छिंद्रमामा,

तुम्हाला, तुमच्या उजव्या गुडघ्याला आणि (त्याला वाईट वाटू नये म्हणून) डाव्या गुडघ्यालाही अमृतचा साष्टांग नमस्कार. बेलापुरात थंडी पडली असेल, गुडघा शेकत जा. मामींना नमस्कार सांगा, पण हे पत्र दाखवू नका. का ते पुढे कळेल. आमच्याकडे सगळे मजेत आहेत, म्हणजे मी सोडून सगळे. फोन न करता कागद खर्ची घातला, कारण तुमचा मोबाईल मामी उचलतात आणि माझं फोनवरचं बोलणं आमच्या घरात गोठ्यातल्या म्हशीलाही ऐकू जातं.

प्रबंध कुठवर आला, असं तुम्ही दर भेटीला विचारता आणि मी "आलाच" म्हणतो. तो आलेला नाही. पुण्यात मी नक्की काय करतो हे तुम्हाला एकदा सांगूनच टाकतो. फार लांबच्या दीर्घिकांमधून (म्हणजे आपल्या आकाशगंगेच्या परगावच्या भावकीतून) रेडिओ लहरी येतात. लहर निघते ती एका ठरावीक दिशेत थरथरत. वाटेत जिथे भारित वायू आणि चुंबकत्व असेल, तिथे त्या दिशेला पीळ बसतो. त्याला फॅरडे रोटेशन म्हणतात. पीळ मोजला की वाटेतलं चुंबकत्व कळतं, इथवर ठीक. पण पीळ घालणारा एकटा नसतो. थोडा ती लहर सोडणारी दीर्घिकाच घालते, थोडा मधला वायू, थोडा आपली आकाशगंगा, आणि अगदी दारात आल्यावर पृथ्वीच्या वातावरणाचा वरचा थरही हात मारून घेतो. कोणी उजवीकडे पिळतो, कोणी डावीकडे, आणि माझ्या पदरात पडते ती नुसती बेरीज. त्यातून कोणाचा वाटा किती हे वेगळं काढायचं, एवढंच माझं काम, आणि ते मला वर्षानुवर्षं जमलेलं नाही. सरांनी तिसऱ्या प्रकरणावर लाल शाईने लिहिलंय, "जवळचं आधी वजा करा. मोठी चूक घराजवळच होते." केलंय की वजा! पण सरांचं समाधान म्हणून होत नाही.

तर मामा, अशा अवस्थेत तुम्ही मला नगरला निकिताला बघायला नेलंत. तुम्ही खाली चिवड्याच्या बशा रिकाम्या करत होतात तेव्हा आम्हाला दोघांना बोलायला गच्चीवर पाठवलं. शेजारच्या घरावर टीव्हीची डिश होती, आणि माझी बुद्धी फिरली. शहाणी मुलं अशा वेळी आवडीनिवडी विचारतात. मी आकाशगंगा काढली. मुलगी कंटाळून खाली जाईल असं वाटलं होतं, पण तिने कठड्याला टेकून सगळं ऐकलं आणि विचारलं, "एवढ्या सगळ्यांनी पिळल्यावर मूळ दिशा कळते का हो?" मामा, हे मला आजवर कोणी विचारलं नव्हतं. सर विचारतात कधी संपणार, आई विचारते पगार कधी. मी तिथेच कामातून गेलो. (ती कॉलेजात काय शिकवते, हे विचारायचंसुद्धा राहिलं.) जिना उतरताना ती "कळवते" म्हणाली.

आता आपल्यात मुलीचं उत्तर मुलाकडे थेट येत नाही, आणि मुलाने थेट विचारलं तर तो आगाऊ ठरतो. त्यामुळे निकिताने जे काय सांगितलं ते तिच्या आत्याला, म्हणजे तुमच्या शेजारच्या लंकाबाईंना, लंकाबाईंनी भिंतीवरून मामींना, मामींनी फोनवर आईला, आणि आईने मला भाकरी वाढता वाढता, "तिकडचं काय खरं न्हाई. तू आपलं लिवायचं बघ." तीन ठिकाणी पिळून माझ्या ताटात एवढंच पडलं.

आमच्या रेडिओ लहरीवाल्यांत एक रीत आहे. ज्याची मूळ दिशा माहीत आहे असा एखादा स्रोत घ्यायचा आणि त्याच वाटेने येताना तो किती पिळतो ते बघायचं. तुमचा गुडघा त्याला अगदी उत्तम. दिवाळीनंतर तुम्ही मामींना एवढंच म्हणाला होतात की जिना चढताना गुडघा कुरकुरतो. आमच्याकडे पोचलं ते "दादाचं मोठं ऑपरेशन". आई डोळ्याला पदर लावून बेलापूरला धावली आणि आठवडाभर राहिली (तुम्ही तेव्हा शेजारच्या लग्नात पंगतीला वाढत होतात). त्यावरून मी मामींचा पीळ काढला. आईचा शून्य धरला. घरचं माणूस, ती कशाला पिळेल? पण लंकाबाई उलट्या दिशेच्या, सगळं गोड करून सांगणाऱ्या (माझं ऑफिस त्यांनी आभाळात असल्याचं सांगितलंय). दोघींचे वाटे वजा केले की कधी निकिताचा होकार निघतो, कधी नकार, आणि काल रात्री तर तिचं गेल्या वर्षीच लग्न झाल्याचं उत्तर आलं.

हसू नका मामा. मला रडू येतं. लॅपटॉप उघडला की अक्षरं नुसती माझ्याकडे बघत बसतात. नाही असेल तर नाही म्हणावं. रडेन, तोंड धुवेन आणि लिहायला बसेन. पण हे अधांतरी लटकणं सोसवत नाही. मुलगीही नाही नि प्रबंधही नाही, तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं. विश्वातलं चुंबकत्व राहू दे, मला माझ्याच घरात आलेला एक निरोप सरळ करता येत नाही, तर मी शिकलो तरी काय?

मोठ्यांना नमस्कार, लहानांना माझ्यासारखं होऊ नका असा आशीर्वाद.

तुमचा भाचा,
अमृत

ता. क. वरचं सगळं सोडून द्या. निकिताच्या वडिलांनी तिचा नंबर तुम्हाला दिलाय, मी पाहिलंय. तो तेवढा चिठ्ठीवर लिहून पाठवा. पत्र घेऊन येणारा गहिनीनाथ कांदा उतरवून आजच टेम्पो परत आणणार आहे. सोबत शेंगदाण्याच्या चटणीची बरणी आहे. मामी बरणी रिकामी काही धाडायच्या नाहीत. त्या जे घालतील त्याच्या तळाशी चिठ्ठी प्लॅस्टिकात गुंडाळून घाला.

ता. क. दुसरा. घरात पाकीट सापडलं नाही, म्हणून पत्र तसंच पिशवीत टाकतोय. पिशवी आई भरतेय, पण भिऊ नका, तिचा चष्मा नगरला दुरुस्तीला दिलाय.

दादा, रतनचा नमस्कार. चष्मा शुक्रवारीच आलाय, पोराला बोलले न्हाई. पोरगी व्हय म्हनली हाय. "त्यांचं लिवून होऊ द्या, मी थांबते" असं म्हनली. लंकाबाईनं तसंच वैनीला सांगितलं आन वैनीनं तसंच मला. मीच म्होरं सांगितलं न्हाई. वाटलं, आत्ता कळलं तर ह्यो रोज नगरच्या यष्टीत बसंल आन लिवायचं ऱ्हाईल. त्याला रडू येतं ते मला आत्ता वाचून कळलं. वैनीला बोल लावू नको, तुझं आपरेशन बी मीच उठवलं हुतं. त्याबिगर ह्यांनी मला म्हायेरी धाडलं नसतं. बरनीत चिठ्ठी नको, गूळ घाल. टेम्पो आला की मीच पोराच्या हातावर ठेवते.