पळवलेली चार मिनिटं

शनिवार, २०१८, जॉन्सनव्हिल

ऑफिसातल्या तमिळ मित्राने दिलेला सिनेमा आज घरी लावला. भारतात सेन्सॉरने कापलेला, इथे अख्खा. कापणारे हे कोण, म्हणून सकाळपासून मीच तणतणत होतो. आणि पडद्यावर त्या दोघी मैत्रिणी जवळ आल्या, शेजारी पुण्याहून आलेली आई, हातात रिमोट... मीच पुढे पळवलं. मारामारी मात्र सगळी पाहिली!

सईने विचारलं, "बाबा, व्हॉट डिड वी मिस?"

"काही नाही गं. त्या प्रेमात पडतात."

सतरा वर्षांची पोर, उठून थेट खोलीत गेली. रागावली? की तिचंच काही... विचारू का? कसं?

रिमोट अजून माझ्या मांडीवरच आहे. आई आत जाताना म्हणाली, "मी बघत होते की रे. कोणासाठी पळवलंस?"